टक्का कशाचा? अंशतः अपंगत्वाचा विमा समजून घेताना

दादाची तर्जनी सोन्याचा पत्रा काढायच्या मशीनमध्ये सापडली तेव्हा लग्नसराई ऐन भरात होती. जळगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून तो सराफांकडून मजुरीवर काम आणतो. मणी, डोरली, बारीक जोडकाम. उजव्या हाताच्या त्या बोटाची वरची दोन पेरं गेली. टाके निघाल्यावर तो पहिल्यांदा पाटावर बसला, तेव्हा मी समोरच होतो. चिमट्यात मणी यायचा आणि उचलला की निसटायचा. मग त्याने अंगठा आणि मधल्या बोटात चिमटा धरून पाहिला. अर्ध्या तासात तीन मणी जागेवर बसले. आई दारातून म्हणाली, "राहू दे रे भाऊ, आज नको." त्याने चिमटा खाली ठेवला आणि मशीनवर फडकं टाकलं.

त्याची ५ लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी होती. काम बंद होतं त्या सहा आठवड्यांचे ३०,००० आणि बोटाचे ४०,००० असे एकूण ७०,००० रुपये मिळाले. आम्हाला वाटलं होतं, कमाई कमी झाली तेवढी विमा भरून देईल. कंपनीने हिशोब बरोबर केला होता, पॉलिसी आम्हीच वाचली नव्हती. तेव्हापासून आमच्या आळीत, नात्यात, कुणाच्या हाताला-पायाला काही झालं की कागद माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, कितला टक्का धरतीन?" त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर इथे देतो आहे.

पहिली पायरी: तीन टक्के वेगळे ओळखा

कागदांवर तीन प्रकारचे टक्के येतात आणि लोक ते एकच समजतात.

एक, सरकारी दवाखान्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरचा टक्का. शरीराचा तो भाग किती निकामी झाला, हे डॉक्टर तपासून लिहितात. सवलती आणि योजनांसाठी ४० टक्क्यांची जी अट असते, ती या टक्क्याची.

दोन, पॉलिसीतल्या तक्त्याचा टक्का. अपघात विमा पॉलिसीत अवयवांची यादी असते आणि प्रत्येकासमोर आकडा असतो. अंगठ्याला पॉलिसीप्रमाणे २० ते २५ टक्के, एका डोळ्याच्या दृष्टीला बहुतेक ठिकाणी ५० टक्के. तर्जनीला अनेक तक्त्यांत पूर्ण बोटाचे १० टक्के, दोन पेरांचे ८, एका पेराचे ४. दादाचे ४०,००० इथून आले: ५ लाखांचे ८ टक्के. बोट सोनाराचं आहे की शाळेतल्या मास्तरांचं, हे तक्ता विचारत नाही.

तीन, कमाईतल्या घटीचा टक्का. दादा महिन्याला सरासरी २४,००० कमवायचा, आता १५,००० कमवतो. घट ९,००० म्हणजे साडेसदतीस टक्के. घराला जाणवतो तो हा टक्का, आणि आपल्याकडच्या साध्या अपघात पॉलिसीत तो कुठेच मोजला जात नाही.

म्हणून कुणी "१५ टक्के अपंगत्व लागलं" म्हणालं, तर आधी विचारा, कुठल्या कागदावर? दिव्यांग प्रमाणपत्रावरचे १५ टक्के घेऊन त्याला १० लाखांनी गुणत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. चेक हातात आला की त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

दुसरी पायरी: घरात कोणकोणतं संरक्षण आधीच आहे ते शोधा

पासबुक उघडा. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला २० रुपये कापलेले दिसले, तर प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना चालू आहे. १८ ते ७० वयापर्यंत ती मिळते आणि वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात. २०१५ साली ती १२ रुपयांत सुरू झाली, २०२२ पासून हप्ता २० रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय कायमचा गेला तर २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर १ लाख. हाच इथला 'अंशतः'. बोटाला मात्र एक पैसाही नाही, त्यामुळे दादाला या योजनेतून काही मिळालं नाही. तीन बँकांत तीन वेळा २० रुपये कापले गेले तरी संरक्षण एकदाच मिळतं, बाकीच्या खात्यांतली कपात बंद करून घ्या.

सातबारा नावावर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक जण, वय १० ते ७५. एक हात, एक पाय किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख, मृत्यू किंवा दोन अवयवांसाठी २ लाख. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, विजेचा धक्का, ट्रॅक्टर उलटणं, आपल्याकडे पेरणीपासून कापूस वेचणीपर्यंत असे अपघात होतच असतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आणि मुदत ३० दिवसांची. दवाखान्याच्या धावपळीत हे ३० दिवस कसे जातात ते कळत नाही. रुग्णाजवळ बसलेल्या माणसाने नव्हे, घरी असलेल्या माणसाने हे काम अंगावर घ्यावं.

एमआयडीसीत चटईच्या, पाइपच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात आहे का बघा. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. माझ्या मते आपल्याकडच्या कामगाराला मिळणारं हे सगळ्यात चांगलं उत्पन्न-संरक्षण आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात. कायमची इजा राहिली तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात जन्मभर दरमहा पैसे येतात. कायद्याच्या अनुसूचीत तर्जनीच्या दोन पेरांना ११ टक्के आहेत. रोजची मजुरी ५०० धरली, तर तिचे ९० टक्के ४५०, त्याचे ११ टक्के साडेएकोणपन्नास रुपये रोज. महिन्याला १,४८५. दिसायला लहान रक्कम, पण पंचविशीतल्या पोराला ती आयुष्यभर मिळायची आहे.

ईएसआय नसेल तर कामगाराची भरपाई मालकाकडून येते. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातल्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. हिशोब असा: महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक (कायद्याच्या तक्त्यात प्रत्येक वयासमोर दिलेला आकडा), आणि त्यावर इजेचा टक्का. वय ३५, पगार १५,००० असेल तर ९,००० गुणिले १९७.०६, म्हणजे १७,७३,५४०. त्याचे ११ टक्के साधारण १ लाख ९५ हजार. मालकाने २० हजार हातावर ठेवून 'आपसात मिटवू' म्हटलं, तर सही करण्याआधी हा गुणाकार करून बघा.

याच कायद्याखालचा एक निकाल सांगण्यासारखा आहे. १९७५ साली एका सुताराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं होतं की ही अंशतः इजा आहे. न्यायालयाने मानलं की एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून त्याच्यासाठी ते संपूर्ण अपंगत्व. माणूस कोणतं काम करत होता हे इथे मोजलं गेलं. खासगी पॉलिसीच्या तक्त्याला मात्र हा निकाल लावता येत नाही, तिथे करारात लिहिलेले शब्द चालतात. दादासारख्या स्वतंत्र कारागिराला ईएसआयही नाही आणि मालकही नाही. त्याच्यासाठी खासगी पॉलिसीच उरते, म्हणून पुढची पायरी नीट वाचा.

तिसरी पायरी: पॉलिसीतल्या या जागांवर पेन्सिलने खूण करा

तक्ता. त्यात तुमच्या कामाचा अवयव शोधा. केळीचे घड उतरवणाऱ्याने खांदा आणि गुडघा बघावा, शिंप्याने अंगठा. 'अवयव गमावणं' म्हणजे काय, याची व्याख्याही वाचा. काही पॉलिसींत अवयव शरीरापासून तुटलाच पाहिजे, काहींत तो जागेवर आहे पण कायमचा निकामी झाला तरी चालतं. बोट आहे पण वाकत नाही, अशा माणसासाठी सगळा क्लेम या एका वाक्यावर अवलंबून असतो. अपघातानंतर १२ महिन्यांच्या आत ते नुकसान झालेलं असावं, अशी अटही बहुतेक ठिकाणी असते.

आठवड्याचा लाभ. काम बंद असेपर्यंत दर आठवड्याला ठरावीक रक्कम. काही पॉलिसींत ती विमा रकमेच्या १ टक्का असते, दादाची तशीच होती. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांनी सारख्याच अटींवर विकायची 'सरल सुरक्षा बीमा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिची रक्कम अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत. तिच्यात आठवड्याचा लाभ ऐच्छिक आहे आणि तो ०.२ टक्के, म्हणजे १० लाखांना आठवड्याला २,०००. जास्तीत जास्त १०० आठवडे.

दादा इथेच अडकला. या लाभाचं पूर्ण नाव 'तात्पुरतं संपूर्ण अपंगत्व' असं आहे, आणि त्यातला 'संपूर्ण' हा शब्द आमच्या नजरेतून सुटला. सातव्या आठवड्यात तो घरी बसून कंटाळला आणि ओळखीच्या सराफाकडे अर्धा दिवस गिऱ्हाइकांना माल दाखवायला जाऊ लागला. रोजचे दोनशे रुपये मिळायचे. फॉर्मवर आम्ही ते खरं-खरं लिहिलं आणि त्या तारखेपासून आठवड्याचे ५,००० बंद झाले. थोडं काम करता येतं पण पूर्ण नाही, या मधल्या अवस्थेसाठी त्या पॉलिसीत जागाच नव्हती. कामावर परत जाऊ नका असं मी कुणालाही म्हणणार नाही, लपवा असंही म्हणणार नाही. कामावर जाण्याची तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि त्या दिवसापासून पैसे थांबणार हे घरखर्चात धरून चला.

वजावट. काही पॉलिसींत आठवड्याला दिलेले पैसे नंतरच्या कायमच्या लाभातून वळते करतात. ही ओळ अपवादांच्या यादीत नाही, लाभाच्या कलमाखालीच असते.

व्यवसाय. कंपन्या कामाचे धोक्याप्रमाणे वर्ग करतात आणि त्यावर प्रीमियम ठरतो. एजंट घाईत 'व्यापार' किंवा 'शेती' लिहितात. जिनिंगमध्ये मशीनवर उभे असाल तर तसंच लिहायला लावा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते, तेव्हा त्या दिवसांत हे सगळं तपासून घ्या.

चौथी पायरी: कमाईच्या घटीवर पैसे देणारा विमा कसा चालतो ते समजा

ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका इथे उत्पन्न-संरक्षण विमा वेगळ्या पायावर उभा आहे. आपल्या भागातली मुलं आता तिकडे नोकरीला आहेत, त्यांच्या पगारपत्रकात हा विमा असतो आणि त्यांना तो वाचता येत नाही. इकडेही काही मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या सामूहिक पॉलिसीत असं काही घेतात. आयुर्विम्यावरचे 'अपंगत्व आल्यास दरमहा उत्पन्न' असे रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचे जादा लाभही विकले जातात, पण ते बहुधा कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठीच असतात. नावाला भुलू नका.

खऱ्या उत्पन्न-संरक्षण विम्यात अवयवांचा तक्ता नसतो. आजाराने किंवा इजेने काम पूर्ण बंद पडलं तर आधीच्या कमाईचा ठरावीक हिस्सा दरमहा मिळतो, आणि काम अर्धवट सुरू झालं तर त्या हिश्शाचा भाग मिळत राहतो. या भागालाच अंशतः अपंगत्वाचा लाभ म्हणतात. गणित सोपं आहे: आधीच्या कमाईतून आताची कमाई वजा करा, उरलेल्याला आधीच्या कमाईने भागा आणि पूर्ण मासिक लाभाने गुणा.

दादाचे आकडे घालू. पूर्ण लाभ कमाईच्या ७० टक्के धरला तर २४,००० चे १६,८००. घट साडेसदतीस टक्के. १६,८०० चे साडेसदतीस टक्के म्हणजे ६,३००. स्वतःचे १५,००० आणि विम्याचे ६,३०० मिळून २१,३००. दरमहा एवढे घरात आले असते तर वहिनीला भिशीचे पैसे मोडावे लागले नसते. काम वाढेल तसा लाभ कमी होतो, पण एकूण हातात येणारी रक्कम वाढतच जाते, त्यामुळे थोडं-थोडं काम सुरू करणाऱ्याचं नुकसान होत नाही.

अशी पॉलिसी वाचताना काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. प्रतीक्षा काळ किती? पहिले ३० किंवा ९० दिवस काहीच मिळत नाही, तेवढा खर्च स्वतःचा. लाभ किती काळ मिळणार, २ वर्षं, ५ वर्षं की ६५ वयापर्यंत? ऑस्ट्रेलियात २०२१ पासून नव्या पॉलिसींवर नियामकाने मर्यादा घातली: पहिले सहा महिने कमाईच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यानंतर ७० टक्के. अमेरिकेतल्या पॉलिसींत साधारण १५ ते २० टक्के घट झाल्याशिवाय अंशतः लाभ सुरू होत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते दोन शब्दप्रयोग. 'आधीची कमाई' म्हणजे कोणत्या काळातली? गेल्या १२ महिन्यांची सरासरी, की तुमच्या चांगल्या सलग १२ महिन्यांची? ज्याचा धंदा हंगामावर चालतो त्याला इथे बराच फरक पडतो. आणि 'आताची कमाई' म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली, की 'मिळवू शकला असता' अशी? दुसरा शब्दप्रयोग असेल तर तुम्ही घरी बसलात तरी कंपनी म्हणू शकते की तुम्ही अर्धा वेळ काम करू शकत होता, आणि तेवढी कमाई धरून लाभ कापेल.

पाचवी पायरी: अपघात झालाच तर

दवाखान्यात पोचताच अपघात कसा झाला ते खरं सांगा आणि एमएलसी नोंद (अपघाताची पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करायला सांगा. केसपेपरवर 'हात कापला' एवढंच लिहिलं गेलं तर नंतर ते मशीनशी जोडता जोडता दमछाक होते. विमा कंपनीला त्याच आठवड्यात फोन करा, क्लेम नंबर वहीत लिहा. नोकरीत असाल तर मालकाकडून ईएसआयचा अपघात अहवाल गेला का, हे स्वतः विचारा. सुरक्षा बीमा योजनेचा फॉर्म बँकेत ३० दिवसांत द्यावा लागतो.

एक्स-रे आधीचा आणि नंतरचा, दोन्ही जपा. डिस्चार्ज कार्डावर कोणत्या बोटाचं कोणतं पेर आणि कुठपर्यंत गेलं, हे डॉक्टरांना स्पष्ट लिहायला लावा. दादाच्या पहिल्या कार्डावर फक्त 'तर्जनीला इजा' होतं. मी परत जाऊन 'दोन पेरं, मधल्या सांध्यापासून' असं लिहून आणलं. तक्त्यात ४ आणि ८ टक्क्यांमधला फरक तेवढ्या शब्दांचा होता, म्हणजे २०,००० रुपयांचा. जखम भरल्यावर हाताचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा.

कमाईचा पुरावा हा आपल्या भागातला अवघड विषय. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून विवरणपत्र नाही, मजुरी रोखीत. तरी कागद सापडतात: केळीच्या पट्ट्या, कापूस विक्रीच्या पावत्या, दूध डेअरीचं पासबुक, यूपीआयचे जमा झालेले पैसे. दादाने कामाची वही ठेवली होती, कोणत्या सराफाचं किती ग्रॅम, किती मजुरी. आज तो मजुरी खात्यात घेतो आणि ४ लाखांच्या आतलं उत्पन्न असलं तरी विवरणपत्र भरतो, कारण मोठी पॉलिसी घ्यायची तर कंपनी आधी उत्पन्न विचारते.

सहावी पायरी: नकार आला किंवा रक्कम कमी आली तर

तोंडी उत्तर घेऊ नका. कोणत्या कलमाखाली नाकारलं किंवा कापलं, हे लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज. सोबत विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद करा, किंवा १५५२५५ वर फोन करा. समाधान झालं नाही किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. आपल्या जिल्ह्यांसाठी तो पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. कंपनीचं अंतिम पत्र आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. अर्जात रडगाणं नको. पॉलिसीतलं वाक्य, डिस्चार्ज कार्डावरचं वाक्य आणि तुमचा हिशोब, एवढं एका पानावर मांडा.

आणि नूतनीकरणाच्या वेळी जुनी इजा नक्की कळवा. तोच अवयव पुन्हा दुखावला तर आधी गेलेला भाग वजा करूनच हिशोब होतो. लपवलेलं निघालं तर सगळीच पॉलिसी अडचणीत येते. दादाच्या नव्या प्रस्तावात मी दोन ओळी स्वतः लिहिल्या: उजवी तर्जनी, दोन पेरं नाहीत. व्यवसायाच्या रकान्यात एजंटने 'दुकान' लिहिलं होतं, ते खोडून 'सोन्याचं हातकाम, मशीनसह' असं लिहिलं आणि शेजारी दादाने सही केली, अंगठा आणि मधल्या बोटात पेन धरून.